वर्गातल्या एका प्रश्नामागे आयुष्य घालवलेला प्राध्यापक : रायनर वाइस (आणि आपलं औंढा नागनाथ)

पूर्णाकाठ

रायनर वाइस गेले. २५ ऑगस्ट २०२५ ला, अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी. गणपती बसायला दोन दिवस राहिले होते. त्या गडबडीत आपल्याकडे ही बातमी फारशी कुणी वाचली नसावी. पण ज्या माणसाच्या कल्पनेवर आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे, त्याच्याबद्दल मराठवाड्यातल्या माणसाने चार ओळी तरी लिहायला हव्यात, म्हणून हा धागा.

लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी (अवकाशाला किंचित ताणत-आखडत जाणारे तरंग) लेसरच्या प्रकाशाने टिपणारं यंत्र. त्यावर मराठीत बऱ्यापैकी लिहून आलंय. मला लिहायचंय ते वाइस यांच्यातल्या मास्तराबद्दल. मी स्वतः परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे मला त्यांच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो.

जन्म २९ सप्टेंबर १९३२, बर्लिन. वडील डॉक्टर, ज्यू आणि कम्युनिस्ट. आई नाटकात काम करणारी. त्या काळात हे सगळं एका घरात असणं म्हणजे काय, ते सांगायला नको. कुटुंब प्रागला गेलं. १९३८ मध्ये म्युनिक कराराची (चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला देणाऱ्या) बातमी त्यांनी तात्रा डोंगरातल्या एका हॉटेलच्या रेडिओवर ऐकली आणि आता इथूनही निघायला हवं हे कळून चुकलं. सेंट लुईसच्या स्टिक्स कुटुंबाने हमी भरल्यामुळे अमेरिकेचा व्हिसा मिळाला.

न्यूयॉर्कमध्ये या पोराला रेडिओ-स्पीकरचा नाद लागला. एका थिएटरला आग लागली, तिथले स्पीकर त्याने मिळवले आणि ओळखीच्या निर्वासित मंडळींना संगीत ऐकायला संच बांधून द्यायला लागला. तबकडीवरची खरखर काही केल्या जाईना. ती कशी घालवायची हे शिकायला तो एमआयटीत गेला. पुढे आयुष्यभर त्यांनी हेच केलं असं म्हणायला हरकत नाही. हवा तो आवाज बारीक, नको तो गोंगाट प्रचंड. त्यातून हवा तो कसा वेचायचा?

तिसऱ्या वर्षात एका पियानो वाजवणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडले, तिच्यामागे शिकागोकडे गेले आणि सगळ्या विषयांत नापास. नाव कमी झालं. परत आले ते विद्यार्थी म्हणून नाही, तंत्रज्ञ म्हणून. जेरोल्ड झकारायस यांच्या प्रयोगशाळेत सीझियमच्या अणुघड्याळाचं काम चाललं होतं, तिथे सोल्डरिंग, व्हॅक्यूम, लेथ असली हातकामं. जागा होती बिल्डिंग २०, युद्धकाळात घाईने उभारलेली लाकडी इमारत. भिंतीला भोक पाडायचं तर कुणाला विचारायची गरज नव्हती. तिथेच त्यांच्यातला भौतिकशास्त्रज्ञ घडला. १९५५ ला पदवी, १९६२ ला पीएच.डी., मग प्रिन्स्टनला गुरुत्वाकर्षणावर प्रयोग करणाऱ्या रॉबर्ट डिकी यांच्याकडे दोन वर्षं, आणि १९६४ पासून एमआयटीत प्राध्यापक.

आता मूळ गोष्ट. १९६० च्या दशकाच्या शेवटी विभागाने त्यांना सांगितलं, तुम्ही सामान्य सापेक्षतेचा (आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताचा) कोर्स घ्या. डिकींकडे होते म्हणजे येत असेल, असा हिशोब. त्यांना तो विषय तितकासा येत नव्हता. मुलांच्या एक उदाहरण पुढे राहून ते शिकवत गेले. त्याच सुमारास मेरीलँड विद्यापीठाच्या जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमच्या जाड दंडगोलांनी गुरुत्वीय लहरी पकडल्याचा दावा केला होता. मुलांनी विचारलं, सर, ते नेमकं कसं काम करतं? वाइस यांना समाधानकारक उत्तर देता येईना. मग त्यांनी फेलिक्स पिरानी यांच्या लेखाच्या आधाराने साधं उदाहरण घातलं : मोकळ्या तरंगणाऱ्या दोन वस्तू घ्या. एकीकडून दुसरीकडे प्रकाश पाठवा, परत येऊ द्या. लहर जाताना त्या वेळेत काय फरक पडेल?

गृहपाठाचा प्रश्न, बस.

पण तो त्यांच्या डोक्यातून गेला नाही. एक उन्हाळाभर ते बिल्डिंग २० च्या एका छोट्या खोलीत हिशोब करत बसले, की असं यंत्र खरंच बांधलं तर कोणकोणता गोंगाट आडवा येईल. जमिनीचे हादरे, आरशांच्या अणूंची उष्णतेमुळे होणारी थरथर, लेसरमधल्या फोटॉनांची अनियमितता, प्रकाशाचा आरशावरचा दाब, नळीत उरलेली हवा, आजूबाजूच्या वस्तुमानाच्या बदलत्या गुरुत्वाचा ओढा. १९७२ मध्ये हे सगळं प्रयोगशाळेच्या तिमाही अहवालात छापून आलं. संशोधन पत्रिकेत नव्हे, अंतर्गत अहवालात! यंत्र बांधून काही मोजल्याशिवाय पेपर काय छापायचा, ही त्यांची धारणा. आज लायगोत ज्या गोंगाटांशी झुंज चालते त्यातले जवळपास सगळे त्या अहवालात आहेत.

हे किती सूक्ष्म काम आहे ते मुलांना दाखवायला मी एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला मायकल्सन इंटरफेरोमीटर लावायला देते. एकच प्रकाश दोन वाटांनी पाठवून परत एकत्र आणायचा, लायगोचंही मूळ तत्त्व हेच. सोडियमचा दिवा, अर्धपारदर्शक काच, दोन आरसे. स्क्रू फिरवून फिरवून मान अवघडते, मग एकदाची पिवळी-काळी वर्तुळं दिसतात. ती दिसली की मी सांगते, एका वाटेखाली तळहात धरा. कशाला लावायचा नाही, नुसता धरायचा. तळहाताच्या उबेने हवा तापते आणि वर्तुळं सरकायला लागतात. बाहेरून उसाची ट्रॉली गेली की सगळं चित्र थरथरून पुसलं जातं. एक वर्तुळ सरकलं म्हणजे आरसा सुमारे २९५ नॅनोमीटर हलला. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली गुरुत्वीय लहर आली तेव्हा लायगोने जी हालचाल मोजली ती याच्या हजारो कोटी पट लहान होती. प्रॅक्टिकलच्या वहीत जुन्या बॅचचं रीडिंग उतरवून मोकळं व्हायची सवय लागलेली पोरंसुद्धा तळहाताचा हा प्रकार बघून तासभर हलत नाहीत.

अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे लायगोच्या दोन वेधशाळा उभ्या राहून पहिली लहर सापडायला त्या अहवालानंतर ४३ वर्षं लागली. सापडली तेव्हा वाइस ८२ वर्षांचे होते, सुट्टीवर होते, आणि संगणकावर नोंदी चाळताना त्यांनी ती पाहिली. २०१७ च्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना, उरलेला बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना.

तुम्हाला त्यांच्याबद्दल, औंढ्याबद्दल जे माहीत असेल ते लिहा. शिकवणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

बालाघाटी

ताई, लेख आवडला. पण एक भर घालतो, नाहीतर सगळं श्रेय एकाच माणसाच्या पदरात पडल्यासारखं होतं. प्रकाशाच्या व्यतिकरणाने (दोन वाटांनी आलेला प्रकाश एकमेकांत मिसळून) गुरुत्वीय लहरी मोजता येतील हे गेर्त्सेनश्टाइन आणि पुस्तोवोइत या रशियनांनी १९६२ मध्येच लिहिलं होतं. वेबर यांचाच विद्यार्थी रॉबर्ट फॉरवर्ड याने वाइस यांच्या आधी छोटं यंत्र चालवूनही दाखवलं. आणि ग्लासगोहून कॅलटेकला आलेले रॉन ड्रेव्हर नसते तर भुजांमध्ये प्रकाश कोंडून त्याची ताकद वाढवण्याची युक्ती इतकी पुढे गेली नसती. ड्रेव्हर ७ मार्च २०१७ ला गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नोबेल जाहीर झालं. मरणोत्तर देत नाहीत.

बॅरिश यांचंही तेच. १९९४ मध्ये त्यांनी लायगोची सूत्रं हातात घेतली तेव्हा प्रकल्प भांडणांनी खिळखिळा झाला होता. मी मोठ्या बांधकाम प्रकल्पांवर काम केलंय. कल्पना असणारा माणूस आणि ती तडीस नेणारा माणूस बहुतेक वेळा वेगळे असतात.

पूर्णाकाठ

बालाघाटी, मान्य. वाइस स्वतःही ही कल्पना आपली एकट्याची असं म्हणत नसत. माझा मुद्दा कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली हा नाहीच. गोंगाटाची संपूर्ण यादी करून, प्रत्येकाचा आकडा काढून, एवढ्या लांबीचं यंत्र बांधलं तर जमेल असं त्यांनी दाखवलं. ते काम वर्गातून आलं, आणि आलं तेव्हा त्याला पैसे नव्हते. लष्कराच्या निधीवर चालणाऱ्या विद्यापीठातल्या संशोधनावर अमेरिकेत तेव्हा बंधनं आली, त्यात त्यांच्या दीड मीटरच्या नमुन्याचा आधार गेला. त्यांनी दुसरीकडे अर्ज केला, तो तपासायला जर्मनीला गेला, आणि जर्मन गटाने कल्पना उचलून आपला नमुना आधी बांधला! वाइस यांनी कडवटपणा धरला नाही. मधल्या काळात फुग्यांतून उपकरणं सोडून वैश्विक पार्श्वभूमी प्रारणाचं (महास्फोटानंतर विश्वात उरलेल्या सूक्ष्मलहरींचं) तापमान मोजत राहिले, आणि पुढे तेच मोजणाऱ्या कोबे उपग्रहाच्या वैज्ञानिक गटाचे प्रमुख झाले. नुसतं तेवढं काम असतं तरी त्यांचं नाव राहिलं असतं.

निवृत्त_मास्तर

वेबर यांचा उल्लेख एका वाक्यात आटोपला याचं वाईट वाटलं. तो माणूस त्याहून मोठा आहे.

जोसेफ वेबर, जन्म १९१९, न्यू जर्सी, गरीब ज्यू घर. नौदलाच्या अकादमीतून बाहेर पडले. मे १९४२ मध्ये कोरल समुद्राच्या लढाईत लेक्सिंग्टन हे विमानवाहू जहाज बुडालं, त्यावर ते होते. वाचले. पुढे पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या बोटीचे कप्तान झाले. १९४८ मध्ये मेरीलँडला विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. पीएच.डी. अजून व्हायची होती. जॉर्ज गॅमो यांच्याकडे गेले, मला सूक्ष्मलहरी येतात, काही विषय आहे का असं विचारलं, आणि गॅमो नाही म्हणाले, असं वेबर सांगत. ज्या गॅमो यांच्या गटाने वैश्विक पार्श्वभूमी प्रारणाचं भाकीत केलं, त्यांनी सूक्ष्मलहरींच्या जाणकाराला परत पाठवलं!

१९५२ मध्ये ओटावाच्या परिषदेत त्यांनी मेसरच्या (सूक्ष्मलहरींचा लेसरच म्हणा) मागचं तत्त्व जाहीर मांडलं. मेसर-लेसरचं नोबेल १९६४ ला टाउन्स, बासोव्ह, प्रोखोरोव्ह यांना मिळालं. मग ते गुरुत्वीय लहरींकडे वळले. तेव्हा त्या खऱ्या आहेत की नुसतं गणित, यावरच वाद होते. प्रयोगाचं नाव काढायला कुणी तयार नव्हतं. वेबर यांनी टनाहून जड ॲल्युमिनियमचे दंडगोल टांगले, त्यांच्या कमरेला स्फटिकांचा पट्टा बांधला आणि १६६० हर्ट्झला कान लावून बसले. १९६९ मध्ये जाहीर केलं की मेरीलँडचे आणि शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेतले दंडगोल एकाच वेळी हलले.

इतरांना तसं काही सापडलं नाही. १९७४ च्या परिषदेत रिचर्ड गार्विन यांनी त्यांना तोंडावर खोडून काढलं. निधी आटला. तरी सप्टेंबर २००० मध्ये जाईपर्यंत ते आपले दंडगोल सांभाळत होते.

त्यांचे आकडे चुकले, हे मी नाकारत नाही. पण त्यांनी दार ठोठावलं नसतं तर वाइस यांच्या वर्गात तो प्रश्न कुणी विचारलाच नसता. त्यांचा एक दंडगोल आज लायगोच्या हॅनफर्ड वेधशाळेत मांडून ठेवलाय. ते योग्यच झालं.

पूर्णाकाठ

मास्तर, तुमचा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेखच आहे. वेबर यांच्याबद्दल तुम्ही म्हणता ते पटलं. फक्त एका बाबतीत माझं मत वेगळं. आपलं मोजमाप इतरांना सापडत नाही म्हटल्यावर थांबून यंत्रातला गोंगाट पुन्हा मोजणं, ही शिस्त वाइस यांच्याकडे होती आणि वेबर यांच्याकडे कमी पडली. मुलांना मी दोन्ही गोष्टी सांगते.

हळदकांडी

मी औंढा तालुक्यातलाच. शेती आहे, हळद-सोयाबीन. भौतिकशास्त्र काई कळत नाई, पण धागा सगळा वाचला. आमच्याकडं लोक विचारायलेत की एवढं नाजूक यंत्र हाय तर आमचे ट्रॅक्टर, बोअरच्या गाड्या बंद करायला लावतेत का? आन दुसरं, आमच्या भागात जमिनीतून गूढ आवाज येतेत, १० जुलै २०२४ ला सकाळी तर चांगलाच धक्का बसला, ४.५ चा. मांडणीवरले डबे खाली आले. मग इथं कसं काय चालंल हे?

ट्रॅपखडक

हळदकांडी दादा, प्रश्न अगदी बरोबर आहे. मी भूगर्भशास्त्रातला, म्हणून उत्तर देतो.

दख्खनच्या कठीण बेसॉल्ट खडकावर आपण बसलोय आणि समुद्र लांब आहे. या यंत्राला समुद्राच्या लाटांनी जमिनीत होणारी मंद हालचाल फार सतावते. शिवाय मोठं शहर, मोठे कारखाने, वर्दळीचा रेल्वेमार्ग अगदी लगत नसणं महत्त्वाचं. अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनला आसपासच्या जंगलात झाडतोड चालते, जवळून मालगाड्या जातात, आणि तरीही ते यंत्र चालतं.

आरसा जमिनीवर ठेवलेला नसतो. ४० किलोचा काचेचा आरसा एकाखाली एक अशा चार लोलकांच्या सगळ्यात खालच्या टोकाला बारीक काचेच्या धाग्यांवर टांगलेला असतो, आणि तो सगळा सांगाडा हादरे ओळखून उलट हालचाल करणाऱ्या मंचावर. तुमच्या आडाच्या लांब दोरावरची बादली आठवा : वरचा हात भराभर थोडा थरथरला तरी बादली जागची हलत नाही. तेच तत्त्व, चारदा.

भूकंपाचं म्हणाल तर ४.५ चा धक्का जवळ बसला की मोजणी तुटणार, नक्कीच. जगात कुठेही मोठा भूकंप झाला तरी अमेरिकेतली यंत्रं मोजणी सोडतात. मग हालचाल शमली की आरसे पुन्हा जुळवून सुरू करतात. खरी काळजी मोठ्या भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३ चं किल्लारी आपण कुणी विसरलेलो नाही, आणि ज्या भागाला आम्ही स्थिर म्हणत होतो तिथेच ते झालं. म्हणून हिंगोली-वसमत पट्ट्यातल्या या आवाजांचा आणि धक्क्यांचा अभ्यास नीट व्हायला हवा. यंत्रासाठी, आणि त्याआधी तिथल्या घरांसाठी.

हळदकांडी

आता कळलं. धन्यवाद साहेब. बादलीचं पटलं.

तासिकावाला

सगळे छान लिहीत आहेत, पण मला मनातलं बोलायचंय. मी नेट-सेट, पीएच.डी. आहे आणि तासिका तत्त्वावर शिकवतो. दोन गावच्या दोन कॉलेजात. मानधन तासावर, तेही महिनोन्महिने उशिरा. वाइस यांना एक उन्हाळाभर खोलीत बसून हिशोब करता आला, कारण घरचं भाडं भरायची चिंता नव्हती. बिल्डिंग २० होती, लेथ होता, सोबत हातकाम जाणणारी माणसं होती. माझ्या एका कॉलेजात इंटरफेरोमीटर आहे, पण डेड स्टॉकच्या नोंदवहीत. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते निवृत्त झाले. मराठवाड्यात २६०० कोटींची वेधशाळा येतेय याचा आनंद आहेच. पण तिथे जायला तयार झालेली मुलं कुठून येणार, जर त्यांना शिकवणाराच पुढच्या वर्षी असेल की नाही हे माहीत नसेल?

पूर्णाकाठ

तासिकावाला सर, तुमचं म्हणणं मला जसंच्या तसं मान्य आहे. मी कायम नोकरीत आहे म्हणून मला तळहाताचा प्रयोग दाखवायला वेळ मिळतो, हे मला ठाऊक आहे. वाइस यांच्या गोष्टीतला अर्धा भाग संस्थेचा आहे. वर्षानुवर्षं फारसे पेपर न छापणाऱ्या माणसाला त्यांच्या विद्यापीठाने सांभाळलं. नापास झालेल्या पोराला झकारायस यांनी कामाला ठेवलं. आपल्याकडे प्राध्यापकाची जागा भरताना यातलं काय मोजतात?

भरतीचा प्रश्न आपल्या हातात नाही, पण कपाटाचा आहे. तुमच्या प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, किल्ली नसेल तर पंचासमक्ष कुलूप तोडून यंत्र ताब्यात मिळावं म्हणून. आरशांचा मुलामा उडाला असेल तर मला कळवा, आमच्याकडे जादा जोड आहे. मी घेऊन येते.

खडकी_ते_किनवट

मी मूळची किनवटची, सध्या पुण्यात. आपल्या लोकांचा उल्लेख राहिला म्हणून लिहिते. दोन कृष्णविवरं एकत्र आल्यावर नवं कृष्णविवर घंटेसारखं घुमून शांत होतं, हे गणित सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच दाखवलं होतं. आणि गोंगाटात बुडालेली लहर ओळखायची कशी, यावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत संजीव धुरंधर यांनी सत्यप्रकाश यांच्यासोबत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून काम केलं. शक्य त्या सगळ्या लहरींचे नमुने आधी गणिताने तयार ठेवायचे आणि आलेल्या नोंदीशी एकेक जुळवून पाहायचा. तेव्हा लायगोची वीटही रचलेली नव्हती. फेब्रुवारी २०१६ च्या त्या पेपरवर हजारावर नावं आहेत, त्यात बरीच भारतीय आहेत.

औंढ्याचं यंत्र का हवं, तर दिशेसाठी. लहर कुठून आली हे वेगवेगळ्या ठिकाणी ती किती उशिरा पोचली यावरून काढतात. अमेरिकेतली दोन्ही यंत्रं एकाच देशात, तिसरं इटलीत, चौथं जपानमध्ये. भारतातलं इतकं लांब आहे की आकाशातला शोधाचा तुकडा बराच लहान होतो, आणि दुर्बिणी वेळेत तिकडे वळवता येतात.

तिसरं_वर्ष

मी वसमतला बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाला आहे. सर-मॅडम, मला यात जायचंय. आत्तापासून काय करता येईल? आमच्याकडे संशोधन कुणी करत नाही. माझ्याकडे लॅपटॉप आहे, पायथॉन थोडं येतं.

खडकी_ते_किनवट

एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम परीक्षा दे, पुढे पीएच.डी.साठी जेस्ट. आयुकाचे सुट्टीतले विद्यार्थी कार्यक्रम असतात, त्यावर लक्ष ठेव. इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस, आम्ही सगळे तिथूनच आलोय. आणि आजपासून करायचं असेल तर लायगोचा मोजलेला डेटा सगळ्यांना फुकट खुला आहे. ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटर शोध. १४ सप्टेंबर २०१५ च्या घटनेची ३२ सेकंदांची फाईल उतरव, ३५ ते ३५० हर्ट्झच्या बाहेरचं गाळून टाक, आणि आलेख काढ.

तिसरं_वर्ष

मॅडम, दोन दिवस बसलो. लिव्हिंग्स्टनच्या आलेखात शेवटी दाट होत जाणारी लहर दिसली!! पण हॅनफर्डचा आलेख त्याच्यावर ठेवला तर जुळत नाही. शिखराच्या जागी दरी येते. माझं काय चुकतंय?

पूर्णाकाठ

काही चुकत नाही, छान केलंस. ती दोन यंत्रं जमिनीवर एकमेकांच्या तुलनेत वळलेली आहेत, म्हणून एकात भुजा लांबते तेव्हा दुसऱ्यात आखडते. हॅनफर्डचा आलेख उणे एकने गुण. आणि लहर लिव्हिंग्स्टनला आधी पोचली, हॅनफर्डला ६.९ मिलिसेकंद उशिरा, म्हणून तेवढा मागे सरकव. मग पुन्हा एकावर एक ठेव आणि चित्र इथेच टाक.